भागेश्वरीच्या दोन बॅटऱ्या

"एवढं पाणी कशाला पाजतोस रे तिला? बाळंतीण हाय काय ती?" मागच्या पडवीत पाऊल टाकता टाकता मी विचारलं.

दादाने मान वर केली नाही. लाकडी फळीवर बॅटरी ठेवली होती. तिची सहाही बुचं काढून फडक्यावर ओळीने मांडली होती आणि तो एक डोळा मिटून एकेका भोकात डोकावत होता. हातात औषधाच्या दुकानातून आणावी तशी पांढरी प्लास्टिकची बाटली होती. तिच्यातलं बॅटरीचं पाणी तो थेंब थेंब सोडत होता.

"प्लेटा उघड्या पडल्या की बॅटरी मेली म्हणून समज," तो म्हणाला. "तुला काय कळायचंय त्यातलं? एष्टी उशिरा आली वाटतं."

"एष्टी वेळेवर आली. उंबऱ्यात उभी करून चहा विचारत नाय कोण, म्हणून उशीर झाला."

तेव्हा कुठे तो हसला. जयवंतदादाचं हसू म्हणजे मिशीचा एक कोपरा हलायचा, तेवढंच. मी पिशवी खाली ठेवली आणि आत हाक मारली. आई आली ती पुढच्या घरातून मधल्या दाराने, एकटीच; धाकटा भाऊ शशी मागून आला नाही. तेवढ्यावरून मला कळायचं ते कळलं. घरात दोन चुली झाल्या होत्या. मागचं अर्धं घर दादा-वहिनीचं आणि पुढचं आईचं नि शशीचं. मधलं दार कुणी तोडलं नव्हतं की त्याला कुलूप घातलं नव्हतं, पण त्यातून आता एकटी आई जायची यायची.

पाडवेळ हे आमचं गाव खाडीच्या तोंडाशी आहे. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की सगळ्या बोटी ओढून वर घेतात, माडाच्या झापांनी शाकारतात आणि बॅटऱ्या काढून घरी आणतात. बोटीवर ठेवलेली बॅटरी दोन महिन्यांत पडून पडून मरते. म्हणून तिला घरात फळीवर ठेवायची, टोकांना जेली लावायची, पाणी बघायचं, अधूनमधून चार्जिंगला लावायची. बहुतेक लोक त्या बॅटरीवाल्या मुनाफच्या दुकानात नेऊन टाकतात आणि नारळीपौर्णिमेच्या आधी उचलून आणतात. आमच्या बोटीला, भागेश्वरीला, मोठं इंजिन होतं. एका बॅटरीने ते हलत नसे. दोन एकीला एक जोडल्या तरच सेल्फ-स्टार्टर लागायचा.

आणि त्या दोनांतली एक दादाच्या पडवीत होती, दुसरी शशीच्या खाटेखाली.

हे असं का, ते आईने फोनवर रडत सांगितलं होतं. मोठे दिवे लावून मासळी गोळा करतात ना, ज्यावर बंदी आहे, तसल्या मासेमारीला शशी दादाला न विचारता एकदा बोट घेऊन गेला. परत आला तेव्हा दादा धक्क्यावर उभाच होता.  बोटीवर चढला, एक बॅटरी सोडवली आणि खांद्यावर टाकून घरी आला. आता ने बोट कशी नेतोस ती, असा त्याचा अर्थ. शशी कमी नाही. त्याने दुसरी सोडवली. मग तू पण ने. तेव्हापासून भागेश्वरी खाडीत नांगरावर उभी होती. पावसाळी बंदी सुरू झाली तरी तिला ओढून वर घेतली नव्हती. बोट ओढायची तर दोघांनी एका दोराला हात लावायला हवा.

"शशी वेरावळला जायचं म्हणतो," आईने त्या दुपारी मला सांगितलं. "दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. आणि हा म्हणतो, तो गेला तर मी बोट विकीन. तुमच्या बापाने एवढी एकच वस्तू मागे ठेवली गो. तिच्यावर दोघं एकत्र दिसले की मला वाटायचं, तोच उभा हाय सुकाणूवर."

"मी बोलते दोघांशी."

"बोलून झालं. मी बोलले, गुरव बोलला, वाडीची बैठक झाली. दोघं पण बापावर गेलेत. नारळ सोडायच्या आधी काय झालं नाय तर पोर गेला माझा."

मी बोलून पाहिलंच. मी बोलायला फटकळ, त्यामुळे घरातली कडू औषधं नेहमी माझ्याच हाताने दिली जायची. शशी खाटेवर पडून मोबाईल बघत होता. म्हटलं, "खाटेखाली एवढा धनाचा हंडा ठेवून झोप लागते तुला?"

"लागते ना ताय. दादाला लागत नाय. तो उठून उठून पाणी पाजतो तिला."

"तू कधी बघितलंस का, तुझी जिवंत हाय का मेली ती?"

"मरूंदे. मला कुठं जायचंय तिला घेऊन?"

सव्वीस वर्षांचा घोडा, पण बोलताना ओठ लहानपणासारखा पुढे आला. मला त्याच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या आणि त्याचं डोकंही मांडीवर घ्यावंसं वाटलं. दोन्हीतलं काहीच केलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुनाफ आला. शशीची बॅटरी न्यायला आईनेच त्याला गुपचूप बोलावलं होतं. शशी बाजारात गेला होता. आईने खाटेखालून बॅटरी ओढायला लावली, वरची धूळ स्वतःच्या पदराने पुसली आणि म्हणाली, "भरून आण बाबा. हा नुसता लोळतो. तिला कोण बघणार?"

मुनाफने चहा घेतला. आई त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि शाळेतल्यासारखे एकेक प्रश्न विचारायला लागली.

"मुनाफ, समज दोनांतली एक मेली. मग एकच नवी आणली तर चालंल?"

"चालंल कशी काकी? जुनीच्या संगतीनं नवी पण लवकर जाते. घ्यायची तर दोन्ही एकदम. एका कंपनीच्या, एका तारखेच्या."

"मग दोन्ही घरांना मिळून घ्याव्या लागतील."

"मिळूनच. तालुक्याला जाऊन निवडून घ्याव्या लागतील. पण तुमच्या कशाला मरतायत? जयवंतदादा तर पोटच्या पोरासारखी बघतो."

"तसं नाय रे, आपलं विचारलं," आई म्हणाली आणि कपबशी उचलून आत गेली. दोन दिवसांनी भरलेली बॅटरी तशीच गुपचूप खाटेखाली परत आली.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. म्हातारी माणसं काय, काहीही विचारतात. त्यानंतर एकदा सकाळी ती खाडीवरून येताना दिसली. लुगड्याचे ओचे भिजले होते, हातात पाण्याने भरलेली कळशी होती. "दर्याचं पाणी गरम करून पाय शेकते, गुडघे धरलेत," म्हणाली. शेकताना मी तिला पाहिलं नाही, पण तेही माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

पुढच्या आठवड्यात दादाने आपली बॅटरी चार्जिंगला लावली तेव्हा पडवीत विहिरीत टाकायच्या पावडरीसारखा उग्र वास सुटला. वहिनी खोकत बाहेर आली. "काय हो हे? डोळे चुरचुरतायत."

"बॅटरी भरताना वास येतोच," दादा म्हणाला. "खिडकी उघड." आणि बुचं काढून त्याने पुन्हा आत डोकावलं, पुन्हा बाटली उचलली. पाणी कमी होतंय म्हणाला, आणखी घालायला हवं.

आषाढ संपत आला होता. मी परतायची तयारी करत होते. त्या सकाळी आई चुलीपुढे बसली होती. मी पिशवीत फणसाची पोळी भरत होते, तर मागून तिचा आवाज आला, "बाय, जरा पाठ चोळ गो." वळून बघितलं तर तिने डावा हात उजव्या हाताने धरला होता आणि चेहरा घामाने थबथबला होता. पाऊस पडत होता, गार हवा होती, आणि तिचं पोलकं पाठीला चिकटलं होतं.

मी ओरडले. मधल्या दारातून दादा आला, पुढच्या दारातून शशी. कितीतरी दिवसांनी दोघे एका खोलीत उभे होते. शशी रिक्षा आणायला पळाला आणि तसाच परत आला. वळणावर दरड कोसळली होती, रस्ता बंद. गावातली नर्स धावत आली, तिने जिभेखाली गोळी ठेवली आणि म्हणाली, "इथे थांबू नका. पलीकडे न्या." पलीकडे म्हणजे खाडीच्या पलीकडे, तालुक्याच्या इस्पितळात. प्रवाशांची तर, म्हणजे फेरीबोट, पावसाळ्यात बंद असते. वल्ह्याची होडी त्या पाण्यात टिकली नसती. गावातली तरंगती बोट एकच होती.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.  दादा पडवीत गेला, शशी खाटेखाली वाकला आणि दोघे खांद्यावर एकेक बॅटरी घेऊन पावसात बाहेर पडले. आईला खुर्चीत बसवून शेजारच्यांनी उचललं. मी छत्री धरून बाजूने चालले होते. पुढे ते दोघे एकामागोमाग एक चाललेले बघून मला त्या तशा वेळीसुद्धा वेड्यासारखं बरं वाटलं. वाटलं, आईचं दुखणं निघेल आणि भांडणही.

धक्क्यावर जाळ्यांची खोप आहे. तिथे जाळ्यांच्या घड्यांवर आईला निजवलं. बोट दोराने ओढून धक्क्याला लावली होती. शशी खाली इंजिनापाशी उतरला. तारा जोडल्याचे आवाज आले. मग सेल्फ मारला.

टक् झालं आणि सगळं गप्प. पुन्हा टक्.

"टोकं घट्ट कर," वरून दादा ओरडला.

"घट्टच हायत."

पुन्हा टक्, तेसुद्धा आता बारीक. शशी दोन तारांना लावलेला दिवा घेऊन वर आला. दोन्ही बॅटऱ्या वर घेतल्या. त्याने आपल्या बॅटरीला तारा लावल्या, दिवा लख्ख पेटला. मग दादाच्या बॅटरीला लावल्या. दिव्यातली तार लाल झाली, थरथरली आणि विझली.

दादाने त्याच्या हातातून दिवा हिसकावून घेतला. स्वतः लावून बघितला. बुचं काढली, आत बघितलं, पुन्हा लावून बघितला. 

"काय केलंस तू माझ्या बॅटरीला?"

"मी?" शशी म्हणाला. "मी तुझ्या पडवीत पाय तरी टाकला काय?"

"ज्याने एक थेंब पाणी घातला नाय त्याची जिवंत, आणि मी जिवापाड जपली ती मेली? कशी? सांग ना, कशी?"

"तुझा माज नडला तुला. बॅटरी काढून नेलीस तेव्हा कळत नव्हतं? ती बोटीवर असती तर..."

"तुझ्या धंद्यांनी काढावी लागली!"

"अरे आई मरतेय तिकडे!" मी खोपीतून ओरडले. "कुणाची तरी आणा!"

शशी भानावर आला. खुळ्यासारखा वाडीच्या दिशेने धावत सुटला. जवळच्या घरांतल्या बॅटऱ्या मुनाफकडे होत्या आणि मुनाफचं दुकान वर, पायऱ्यापायऱ्यांची पाखाडी चढून. दादा धक्क्यावर त्या बॅटरीपुढे गुडघ्यांवर बसून राहिला. पाऊस पडतोय याचंही त्याला भान नव्हतं.

आईने माझं मनगट धरलं. "कुणाची मेली?"

"काय?"

"बॅटरी गो. जयवंताची ना?"

"तुला कसं कळलं?"

तिने डोळे मिटले. मला वाटलं, कळ आली. पण ती बोलायला दम गोळा करत होती.

"मीच मारली. त्याच्या बाटलीतलं पाणी ओतून टाकलं नि दर्याचं भरलं. तो घालत गेला."

 दर्याचं पाणी शिरलेली बॅटरी जगत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं.

"आये, का केलंस गो असं?"

"मुनाफ म्हणाला ना, एक गेली तर दोन्ही एकदम घ्याव्या लागतात. वाटलं, मग दोघांना एका रिक्षात बसून तालुक्याला जावं लागंल. एका रिक्षात, बाय. दोन तास. काय तरी बोलले असते ना रे दोन तासांत?" ती मला 'रे' म्हणाली. बहुधा तेव्हा तिला समोर कोण आहे तेही दिसत नव्हतं. "शशाची मारली असती तर हा म्हणाला असता, बघा, निष्काळजी. म्हणून ह्याची मारली. जरा मान खाली घातली असती ह्याने."

"बोलू नको आता."

"सांग त्यांना. पण एकेकट्याला सांगू नको, एक ऐकंल नि दुसऱ्याला खोटं वाटंल. दोघांना समोर बसवून सांग. म्हणावं, तुमच्यात कोण नाय चुकला. मी चुकले. तू सांगशील. तुझ्या तोंडाला कधी कुलूप नाय लागलं."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

शशी आणि मुनाफ कुणाचीतरी बॅटरी घेऊन धापा टाकत आले तेव्हा ओहोटीला जोर चढला होता. या वेळी इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. दादा सुकाणूवर, शशी खाली इंजिनाशी, आणि मधे माझ्या मांडीवर आई. जे डोळ्यांनी बघावं म्हणून तिने एवढं केलं, ते तिच्या डोक्यापाशी घडत होतं. पण तिने डोळे उघडले नाहीत. खाडीच्या मध्यावर तिचा हात माझ्या हातात जड झाला. मी दोघांना सांगितलं नाही. पलीकडचा धक्का लागेपर्यंत तिच्या तोंडावर पदर धरून पाऊस अडवत बसले.

पुढचे दिवस घरात माणसं होती, पण भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. दादा समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगायचा. "माझ्या बॅटरीला हात लावला कुणीतरी. मी नाव घेत नाय." नाव न घेता तो पुढच्या खोलीकडे बघायचा. शशी ऐकायचा. त्याने जेवण टाकलं होतं. वाडीतले लोकही आता त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघत होते. तेराव्याच्या सकाळी मी त्याच्या खाटेवर बॅग भरलेली बघितली. संध्याकाळच्या गाडीने तो वेरावळला निघाला होता आणि आता तो परत येणार नव्हता, हे मला त्याच्या घड्या घातलेल्या कपड्यांवरून कळलं. आईचा फोटोही त्याने बॅगेत ठेवला होता.

दुपारी पाहुणे गेल्यावर मी दोघांना मधल्या दारापाशी बोलावलं. दादा दाराच्या अलीकडे बसला, शशी पलीकडे. मी मधे.

"आईने सांगून ठेवलंय," मी म्हटलं. "तुम्हाला समोरासमोर बसवून सांगायला सांगितलंय. दादा, तुझी बॅटरी शशीने नाय मारली. आईने मारली."

आणि मी सगळं सांगितलं. मुनाफला विचारलेले प्रश्न, कळशी, बाटली, उग्र वास, रिक्षा. जसं झालं तसं, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. मला वाटलं होतं, ऐकता ऐकता दोघे रडतील. आईलाही तसंच वाटलं असणार.

दादाचा चेहरा हळूहळू राखेसारखा झाला. "बाटली कुठाय?"

बाटली मी आधीच शोधली होती. वहिनीने ती रिकामी झालेली बघून धुतली होती आणि तिच्यात रॉकेल भरलं होतं.

"मग मुनाफला बोलवा," मी म्हटलं. "बॅटरी पडवीतच हाय. तो बघून सांगंल आत काय हाय ते."

"मुनाफला बोलवू? तेराव्याला परक्या माणसाला घरात आणून आईची चौकशी करू?" दादाचा आवाज चढला. "म्हणजे माझ्या हाताने घातलेल्या पाण्याने आई मेली, असं म्हणतेस तू? तिने स्वतःचं मरण स्वतः बाटलीत भरलं नि मी ते ओतलं?"

"तसं नाय दादा..."

"ह्याला वाचवायला मेल्या आईचं नाव घेतेस? लाज नाय वाटली?"

मी शशीकडे बघितलं. मला वाटलं, हा तरी विश्वास ठेवील. माझं बोलणं खरं ठरलं तर सुटणार तोच होता. शशी उठला. त्याचं नाक लाल झालं होतं.

"ताय, पुरे," तो म्हणाला. मग दादासमोर जाऊन उभा राहिला. "दादा, मी केलं म्हण. मीच घातलं खारं पाणी. गावात सांग, पोलिसांत दे, काय करायचं ते कर. पण आयेचं नाव नका घेऊ कोण. ती असलं काय करणारी नव्हती."

 दादा त्याच्याकडे बघत राहिला.

"तू नाय केलंस," तो शेवटी म्हणाला.

"नाय केलं. पण तुला पायजे तर केलं."

दादाने त्याला मानेला धरून जवळ ओढलं आणि बाप गेला तेव्हा रडला होता तसा मोठ्याने हंबरडा फोडला. शशीने दोन्ही हातांनी त्याचा सदरा धरला. दोघेही खाली बसले. मधल्या दारातच. मलाही रडू फुटलं, मी पुढे सरकले, शशीच्या पाठीवर हात ठेवला. दादाने तो हात उचलून बाजूला केला. हिसडला नाही, फक्त उचलून बाजूला ठेवला.

"तू जा, सुगंधा," तो म्हणाला. एरवी तो मला सुगंधे म्हणायचा. "आमचं आम्ही बघू. तुला आईची किंमत नव्हती. ह्या घरात परत येऊ नको."

"शशी?" मी म्हटलं.

शशीने मान वर केली नाही.

वहिनीने माझी पिशवी पडवीत आणून ठेवली. मी निघाले तेव्हा मला राग आला होता, इतका की छत्री उघडायचंही सुचलं नाही. वाटत होतं, परत जावं, मुनाफला ओढत आणावं आणि दोघांच्या तोंडावर ते ॲसिड दाखवावं. स्टँडवर पोचेपर्यंत तो राग उतरला आणि उरलं ते फार वाईट होतं. संध्याकाळची गाडी आली. मी चढले. शशी गाडीला आला नव्हता.

मासेमारी सुरू होऊन महिना झाला असेल, मुनाफ माझ्या दारात आला. सामान घ्यायला आमच्या शहरात आला होता. पाणी प्यायला, घाम पुसला, आणि एकदम म्हणाला, "ताई, दोघं तालुक्याला जाऊन नवी जोडी घेऊन आले. एका रिक्षात. जुन्या माझ्याकडे टाकल्या. जयवंतदादाची मी उघडली. प्लेटा खाऊन गेल्यात. आत खारं पाणी हाय, डोळे झाकून सांगतो. काकीने मला ते सगळं विचारलेलं, आणि मी अक्कल पाजळली. गावात तुमच्याबद्दल काय काय बोलतात ते मला ठाऊक हाय. मी सांगतो दोघांना. माझं ऐकतील."

 खरं सांगायचं तर मनात आलं, सांगूदे. माझं माहेर मला परत मिळूदे.

"दोघं बरोबर जातात दर्यात?" मी विचारलं.

"रोज. शशी इंजिनवर, दादा सुकाणूवर. वेरावळ-बिरावळ सगळं बंद."

"मग नको सांगू."

"अहो पण ताई, तुमच्यावर खोटा आळ..."

"मुनाफ, ते पाणी दादाच्या हाताने गेलंय. हे त्याला आता पटलं तर तो जगंल कसा? आणि ह्या दोघांत काय उरंल? ती बॅटरी भंगारात घाल. आजच घाल."

त्याने घातली. तसं त्याने नंतर फोन करून कळवलं.

तीन वर्षांनी शशीचं लग्न ठरलं. मला बाहेरून समजलं. मग पत्रिका आली. एरवी श्री. व सौ. असं लिहितात. पाकिटावर नुसतं ह्यांचं नाव होतं. अक्षर दादाचं. आमच्यात करवली म्हणून नवरदेवाची बहीण मागे उभी राहते. शशीला एकच बहीण.

ह्यांनी पाकीट माझ्यापुढे ठेवलं. "मी नाही जात," म्हणाले. "तुझा अपमान करतात आणि मी तिथे जाऊन जेवू?"

"जा," मी म्हटलं. "दादा बापाच्या जागी उभा असंल. शशी त्याच्या पाया पडंल. ते नीट बघून या, आणि आलात की मला सगळं सांगा."